गुरुवारची फिल्म

१२ जानेवारी

ताई,

अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी वाटलं, कुणीतरी गेलं. पाकीट फोडेपर्यंत मी नात्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची मनातल्या मनात हजेरी घेतली. आत चार ओळी निघाल्या. भिंगरी सर्जन झाली, तिला पुढे स्तनाच्या कॅन्सरचं काम शिकायचंय, तेही माझ्याच विभागात, तर मी तिला घ्यावं. आणि खाली, ‘दुसरं काही मागत नाही.’ हे वाक्य तू मुद्दाम घातलंस, मला ठाऊक आहे. तुला नेमकं दुखेल तिथेच बोट ठेवता येतं. सर्जन खरं तर तू व्हायला हवी होतीस.

उत्तर नाही असं आहे. नुसतं नाही म्हटलं तर तू त्याचा भलता अर्थ काढशील, म्हणून कारणं लिहिते.

पहिलं, मावशीच्या हाताखाली भाची आली की विभागात कुजबुज होणार. तिनं कितीही मान मोडून काम केलं तरी लोक म्हणतील, घरचीच आहे. दुसरं, या कामात हौसेनं येऊ नये. मी कशी शिकले ते तू पाहिलंयस. बुटांसकट तुझ्या कोचावर झोपायचे आणि तू झोपेतच माझे बूट काढायचीस. पाच वर्षं नुसती सर्जरी, अपेंडिक्स, हर्निया, फुटलेली आतडी. मग तीन वर्षं मोठ्या सरांकडे कॅन्सर. त्यांचा हात इतका हलका की बघत राहावं, आणि जीभ इतकी जड की ऐकू नये. एकदा राउंडला एका बाईनं त्यांना विचारलं, ‘डॉक्टर, आता मी दिसेन कशी?’ सर म्हणाले, ‘जिवंत दिसाल.’ मागे उभे असलेले आम्ही सगळे हसलो. मीही हसले. ती बाई टाके काढायला आली तेव्हा तिनं पर्स छातीशी घट्ट धरली होती. तपासायला पर्स बाजूला ठेवा म्हटलं तर तिला ती सोडवेना.

त्या पर्समुळे मी या कामाकडे वळले, असं मी भाषणांत सांगते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझ्या हाताला सुबक काम येतं हे मला जगाला दाखवायचं होतं, हा दुसरा अर्धा भाग. म्हणून आणखी दोन वर्षं परक्या गावी जाऊन शिकले. गाठ काढायची, आणि त्याच वेळी उरलेल्या स्तनाची आतून अशी मांडणी करायची की आकार राहावा, बाईला आरशाकडे पाठ करावी लागू नये. परत आले तर कॅन्सरवाले म्हणायचे, ‘आल्या ब्यूटी पार्लरवाल्या.’ प्लास्टिक सर्जन म्हणायचे, ‘अर्धवट शिंपी.’ दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. वीस वर्षं मी दोन्हीकडच्यांना उत्तरं देत आले आणि माझा स्वभाव कसा झालाय ते हे पत्र वाचून कळलंच असेल.

भिंगरीला थायरॉईडकडे वळव. गळा तेवढा झाकला की झालं.

धाकटी

२ फेब्रुवारी

ताई,

या खेपेला तू दोन पानं लिहिलीस आणि एकही शब्द वाया घालवला नाहीस. ‘बिघडलेली केस डोळ्यांसमोर नको म्हणून तू मला टाकलंस. आता माझ्या पोरीलाही टाक.’

मी तुला टाकलेलं नाही. हे वाक्य लिहून दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. तुझे फोन मी उचलले नाहीत हे खरं. भाऊजी एकदा ओपीडीत येऊन बाकावर तासभर बसले होते आणि मी मागच्या दारानं निघून गेले, हेही खरं. त्यांनी तुला सांगितलं होतं का? त्यांचा स्वभाव बघता नसेल सांगितलं.

तू लिहितेस, ‘रोगानं माझं जे न्यायचं ते नेलं, त्याचा मला राग नाही. तुझा राग आहे.’ ताई, रोग लबाड होता. स्कॅनमध्ये दिसत होता त्यापेक्षा पुढे गेलेला निघाला. हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. पहिल्या ऑपरेशनात आपण स्तन वाचवला, पण रिपोर्टात कडेला रोग उरलेला दिसला आणि आमच्याकडच्या दुसऱ्या सर्जनना, सगळं कापूनच टाकतात म्हणून मी ज्यांना कात्रीसर म्हणायचे त्यांना, पूर्ण काढावा लागला. असं होतं. शंभरातल्या काहींच्या बाबतीत होतं. तू त्या काहींत निघालीस.

आणि ऑपरेशन मीच करावं हा हट्ट कुणाचा होता? घरच्या माणसावर हात चालवायचा नाही, असा आमच्यात दंडक आहे. मी तुला दुसऱ्या दोघांची नावं दिली होती. तूच म्हणालीस, ‘मला दुसऱ्या कुणाच्या हाताखाली झोपायचं नाही. मला पोहायला शिकवायचंय, पोहण्याच्या पोशाखात पोरांसमोर उभं राहायचंय. तूच कर आणि नीट कर.’ तेव्हा तू चव्वेचाळीस वर्षांची होतीस आणि तलावावर तुझी शिट्टी वाजली की चाळीस पोरं एकदम गप्प व्हायची. आता तू तिथे ऑफिसात बसून ओळखपत्रं देतेस असं भिंगरीच्या अर्जावरून कळलं. आईचा व्यवसाय या रकान्यात तिनं ‘जलतरण प्रशिक्षक’ लिहून त्यावर काट मारलीय आणि बाजूला ‘कार्यालयीन’ लिहिलंय.

हो, तिचा अर्ज आलाय. मी सांगितलेलं थायरॉईड तिनं मनावर घेतलेलं नाही. निवड समितीत मी बसणार नाही. तिच्या गुणांवर आली तर येईल. माझा शब्द ना इकडे ना तिकडे.

धाकटी

२० एप्रिल

ताई,

तुझी मुलगी यादीत पहिली आली. माझा त्यात काडीचाही हात नाही. समितीतल्या बाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘ही मुलगी कुठून मिळाली हो तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘मिळाली नाही, चालून आली.’

तीन आठवडे झाले. मला ती ‘मॅडम’ म्हणते, आणि चहाच्या खोलीत दुसरं कुणी नसेल तर चुकून ‘मावशी’. चुकली की कानाच्या पाळ्या लाल होतात. तुझ्या व्हायच्या तशाच.

काम कसं करते हे तुला ऐकायचं असेल. ऑपरेशनच्या सकाळी आम्ही पेशंटला उभं करून शाईच्या पेननं खुणा करतो. आडवं झोपवलं की स्तन पसरतो, सगळी मापं खोटी ठरतात, म्हणून उभं असतानाच आखायचं. बाई अर्धी उघडी, घाबरलेली, आणि समोर स्टुलावर बसून आम्ही तिच्या अंगावर रेघा ओढतोय. नव्या मुलांचं लक्ष सगळं रेघेकडे असतं. भिंगरीनं पहिल्याच दिवशी आधी खोलीतला पंखा बंद केला, पेन तळहातात धरून कोमट केलं आणि बाईला म्हणाली, ‘काकू, गार लागलं तर मला ओरडा.’ बाई हसली. हसल्यावर खांदे खाली आले, आणि मापं नीट घेता आली. वीस वर्षांत मला पेन कोमट करायचं सुचलं नाही गं.

टाके अजून ओबडधोबड घालते. मी उसवायला लावते. तोंड पाडून उसवते आणि पुन्हा घालते. परवा माझ्या मनात आलं, हिला माझं सगळं देऊन टाकावं. आणि लगेच मे महिन्यातला गुरुवार आठवला.

आमच्याकडे दर गुरुवारी दुपारी वर्ग असतो. जुन्या ऑपरेशनांच्या फिल्म दाखवतो, मुलं प्रश्न विचारतात. त्यातल्या एका फिल्मची पाळी मे महिन्यात येते. ती न दाखवायची म्हटली तरी चालत नाही, सगळे तिचीच वाट बघत असतात. तुला हे कशाला लिहितेय कोण जाणे. तू उत्तर दिलेलं नाहीस, देऊही नकोस. ती जेवते व्यवस्थित, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

धाकटी

९ मे, गुरुवार

ताई,

आज वर्गात भिंगरीनं एक प्रश्न विचारला. अकरा वर्षांत ती फिल्म शेकडो डॉक्टरांनी पाहिली, इथेही आणि बाहेरही, आणि तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मी तिला खोटं उत्तर दिलं. तोंडावर, सगळ्यांसमोर.

काय ते उद्या लिहिते. आज हात चालत नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही, उद्या सकाळचं एक ऑपरेशन मी दुसऱ्याला दिलंय.

१० मे

ताई,

फेब्रुवारीतल्या पत्रात मी जे लिहिलं ते फाडून टाक. रोग लबाड नव्हता. लबाड मी होते.

आता सगळं क्रमानं सांगते. मधे थांबले तर पुन्हा सारवासारव करायला लागेन.

तुझी गाठ सापडली त्याच महिन्याअखेरीस आमच्याकडे मोठी कार्यशाळा होती. बाहेरून दोनशे सर्जन येणार होते. थिएटरात ऑपरेशन चालणार, कॅमेऱ्यातून ते सभागृहातल्या पडद्यावर दिसणार, आणि ऑपरेशन करणाऱ्यानं करता करता समजावून सांगायचं. माझं तेव्हा नाव नव्हतं. त्या दोनशेंत ‘शिंपी’ म्हणणारे होते आणि ‘ब्यूटी पार्लर’ म्हणणारेही होते. मला त्यांना दाखवण्यासारखी केस हवी होती. गाठ लहान, जागा अवघड, आकार वाचवला तर डोळ्यांत भरेल अशी. तशी केस तुझी होती.

तू म्हणालीस, ‘तूच कर.’ ते तुझ्या तोंडून मी काढून घेतलं. तुला दोन नावं दिली हे खरं, पण त्याआधी तुला कात्रीसरांच्या ओपीडीतून फिरवून नेलं होतं, आठवतं? त्यांच्याकडे शॉर्टकट म्हणून गेलो नव्हतो. बाकावर बसलेल्या, एक बाजू सपाट झालेल्या त्यांच्या पेशंट तुला दिसाव्यात म्हणून नेलं होतं. बाहेर आल्यावर तू माझा हात धरलास. मला हवं होतं तेच झालं.

तुझी तारीख मी आठ दिवस पुढे ढकलली. तुला सांगितलं, थिएटर रिकामं नाही. थिएटर रिकामं होतं. कार्यशाळा आठ दिवसांनी होती.

तू सहा कागदांवर सह्या केल्यास. त्यातल्या एकावर चित्रीकरणाचं होतं. ‘हे काय गं?’ विचारलंस, आणि मी म्हटलं, ‘नेहमीचंच.’

आता ऑपरेशन. गाठ काढली की आत एक पोकळी राहते. बाजूचं मांस सरकवून ती भरायची, हीच आमची कला. पण भरण्याआधी त्या पोकळीच्या भिंतींवर चार-पाच क्लिपा लावायच्या असतात, धातूच्या, तिळाएवढ्या. का, तर एकदा मांस सरकवलं की कुठली भिंत कुठे गेली ते कुणालाच सांगता येत नाही, ज्यानं सरकवलं त्यालाही नाही. उद्या रिपोर्टात एका बाजूला रोग उरलाय असं आलं, तर त्या क्लिपा बघून नेमकी तेवढीच कड पुन्हा काढता येते. क्लिपा नसतील तर उरतो एकच मार्ग. सगळं काढून टाकायचं.

दोन मिनिटांचं काम आहे. मी दुसऱ्यांना शिकवते, पहिल्या दिवशी शिकवते.

कानातल्या यंत्रातून सभागृहातला माणूस बोलला, ‘मॅडम, तुमच्याकडे आठ मिनिटं आहेत. सगळ्यांना शेवटचा आकार बघायचाय.’ थिएटरमधल्या नर्सबाई म्हाताऱ्या होत्या, सगळं पाठ असलेल्या. त्यांनी क्लिपांचं साधन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, क्लिपा?’

मी म्हटलं, ‘राहू द्या.’

त्या तशाच हात पुढे करून उभ्या राहिल्या. मी बघितलं नाही. मी आकार करत होते, ताई, आणि तो इतका सुरेख होत होता. मग आम्ही टेबलाची पाठ वर करून तुला बेशुद्धीतच बसवलं, दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते तसंच बघतात. भूलतज्ज्ञानं तुझं डोकं मागून धरलं होतं, कॅमेऱ्यात चेहरा येऊ नये म्हणून कपडा धरला होता. पडद्यावर फक्त तू, गळ्यापासून पोटापर्यंत. सभागृहातल्या टाळ्या मला कानात ऐकू आल्या.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. खालच्या एका कडेला रोग टेकलेला होता. एकाच कडेला, मिलिमीटरभर. रोग पुढे गेलेला नव्हता. क्लिपा असत्या तर अर्ध्या तासाचं काम होतं आणि तुझा स्तन तुझ्याकडे राहिला असता. कात्रीसरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, ‘एकही नाही?’ मी एक्स-रे त्यांच्या हातून काढून घेतला. ते म्हणाले, ‘बहीण तुझी आहे. तू सांग तिला.’ त्यांना वाटलं मी सांगितलं. ज्यांना मी आयुष्यभर कात्री म्हणून हिणवलं, त्यांनी तुझं ऑपरेशन नीट केलं आणि तोंडही बंद ठेवलं.

फिल्म मात्र चालू राहिली. रिपोर्टाच्या आधीच संपते ना ती. सहा मिनिटांची करून घेतली. तिच्या जोरावर मला बोलावणी आली, विभाग मिळाला, दारावर पाटी लागली. दर मे महिन्यात नवी मुलं बघतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात.

काल दिवे लागल्यावर भिंगरी उभी राहिली. पडद्यावरची बाई कोण आहे हे तिला कळलेलं नव्हतं. तिनं फक्त बघितलं होतं, नीट. म्हणाली, ‘मॅडम, क्लिपा लावताना दिसल्या नाहीत. मग या पेशंटच्या कडेला रोग निघाला असता तर काय केलं असतं?’

मी म्हटलं, ‘लावल्या होत्या. फिल्म कापताना तो भाग गेला.’ आणि वर असंही म्हटलं, ‘या पेशंटला दुसऱ्या ऑपरेशनची गरजच पडली नाही.’

ती ‘थँक यू मॅडम’ म्हणून खाली बसली. तुझी मुलगी मला थँक यू म्हणाली.

तुझ्याकडे येणं मी का सोडलं ते आता तुला कळलं असेल. तुझी मला लाज वाटत नव्हती. तू दुसऱ्या ऑपरेशनला आत जाताना माझा हात हातात घेऊन म्हणालीस, ‘तू तुझ्याकडून काही कमी ठेवलं नाहीस.’ त्यानंतर मी तुझ्यासमोर बसूच शकत नव्हते. पळपुटी आहे मी. तू मला पत्रांत पुष्कळ शिव्या दिल्यास, पण ही राहिली होती.

काय करायचं ते तू सांग. भिंगरीला तू सांगणार असशील तर सांग. वकिलाकडे जायचं असेल तर सगळे कागद मी स्वतः काढून देईन.

धाकटी

२४ मे

ताई,

तुझं कार्ड आलं. तीन वाक्यं. मी फिरवून फिरवून वाचली.

‘तिला मी सांगणार नाही, तू सांग. सगळ्यांसमोर सांग, टाळ्या सगळ्यांसमोरच घेतल्यास. आणि टेबलावर बसवून बघितलंस म्हणतेस, तो फोटो पाठव.’

फोटो फिल्ममधून काढून सोबत जोडलाय. तो पाठवू नये असं मला फार वाटलं, पण तो तुझाच आहे. येत्या गुरुवारी वर्ग आहे. मी सांगेन.

धाकटी

३ जून

ताई,

फोटो मिळाल्यावर तू जे लिहिलंस ते मी दहादा वाचलं. तरी ते इथे उतरवते, कारण मला ते एकदा स्वतःच्या हातानं लिहायचंय.

‘इतकं सुंदर झालं होतं हे मला माहीत नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या मधे एकोणीस दिवस होते. एकोणीस दिवस ते माझ्या अंगावर होतं, आणि तू मला बघू दिलं नाहीस. दोनशे लोकांनी बघितलं, मीच राहिले.’

हो. ड्रेसिंग मी स्वतः बदलायचे आणि तुला म्हणायचे, सूज आहे, आत्ताच आरशात बघू नकोस, उतरली की बघ. पहिले आठ दिवस ते खरं होतं. रिपोर्ट आल्यावर मी ठरवलं, आता हिनं बघायलाच नको, बघितलं नाही तर गेल्याचं दुःख कमी होईल. तुझ्या दुःखाचा विचार केला असं मी अकरा वर्षं समजत होते. मला भीती होती की तू बघशील आणि विचारशील, ‘एवढं छान झालंय, मग का काढायचं?’ तू बिचारी माझं ऐकून भिंतीकडे तोंड करून झोपायचीस.

आता गुरुवारचं.

चौदा मुलं होती, विभागातले तिघे शिक्षक होते, आणि कात्रीसरांना मी मुद्दाम बोलावलं होतं. निवृत्त झालेत, काठी घेऊन आले, शेवटच्या रांगेत बसले. मी फिल्म पूर्ण लावली. शेवटी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, सवयीनं. दिवे लावले नाहीत. त्यानंतर रिपोर्ट लावला. मग क्लिपा नसलेला एक्स-रे. मग दुसऱ्या ऑपरेशनचा कागद. प्रत्येक कागद मी मोठ्यानं वाचला. कानात आलेली आठ मिनिटं सांगितली, नर्सबाईंचा पुढे आलेला हात सांगितला, मी काय म्हटलं ते सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी याच वर्गात या मुलीशी मी खोटं बोलले, हेही सांगितलं, तिच्याकडे बघून.

मग म्हटलं, ‘ही पेशंट माझी थोरली बहीण.’

खोलीतल्या कुणाला काही कळायच्या आत भिंगरीला कळलं. ती खुर्चीत इतकी सरळ झाली की शेजारच्या मुलानं तिच्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, उठून जाईल. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. विभागातले एक शिक्षक घसा खाकरून म्हणाले, ‘मॅडम, हे धाडसाचं आहे.’ मी त्यांना गप्प बसा म्हटलं. अकरा वर्षं उशिरानं सांगण्याला धाडस म्हणायला लागलो तर कठीणच आहे.

फिल्म मी काढून टाकली नाही, ताई. पुढच्या वर्षीही लागेल, पण रिपोर्टासकट, एक्स-रेसकट. तुझी परवानगी असेल तरच. नाही म्हणालीस तर त्याच दिवशी पुसून टाकीन. विभागाचं प्रमुखपद मी सोडलंय, पत्र परवा दिलं. चौकशी बसेल असं म्हणतात, बसू दे.

भिंगरीनं दुसऱ्या युनिटमध्ये बदली मागितली. अर्जावर सही मीच केली, नियमच तसा आहे. मधल्या जिन्यात दिसते. मला ‘मॅडम’ही म्हणत नाही आणि ‘मावशी’ही म्हणत नाही. कोमट केलेलं पेन आता त्या युनिटच्या बायकांच्या नशिबात आहे. त्यांचं भलं होवो.

पण त्या दिवशी जाण्याआधी तिनं हात वर केला. सगळे वह्या मिटून बसले होते. मी मान हलवली तशी ती उभी राहिली. आवाज तुझाच, तलावावरचा, शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जाणारा. म्हणाली, ‘दुसऱ्या ऑपरेशननंतर या पेशंटला बघायला तुम्ही किती वेळा गेलात?’

मी म्हटलं, ‘एकदाही नाही.’

ती खाली बसली, वही उघडली आणि ते लिहून घेतलं.

धाकटी